बास नावाचा मासा

त्या उन्हाळ्यात आमच्या आक्कानं एकच शब्द धरून ठेवला होता. बास. भात वाढला की बास. ताकाची वाटी पुढं केली की बास. मुदतीचा ताप उतरला होता, पण जाताना तोंडाची चव बरोबर घेऊन गेला होता. शेजारच्या लिंगायत काकू रोज ज्वारीची आंबील आणायच्या. त्यांच्या घरात कानडी बोलत, म्हणून त्यांच्यापुढं आक्का ‘साकु, साकु’ म्हणायची. म्हणजे माझी बहीण दोन भाषांत उपाशी राहत होती.

उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, “औषधाचं काम संपलं. आता ताटाचं काम आहे. खाल्लं नाही तर उठणार कशा?” आणि ती उठत नव्हती. दिवसभर सोप्यात बाजेवर पडून असायची. जी बाई पहाटे घागर घेऊन हापशावर पहिली असायची, तिला आता मोरीपर्यंत जायला दाजींचा खांदा लागायचा.

एके दिवशी मी सहज विचारलं, “आक्का, खरं सांग, काय आणू? काय खाशील?”

तिनं आढ्याकडं बघितलं. “मरळ असती तर घास उतरला असता,” ती म्हणाली, आणि कूस बदलली.

इथं थोडं माझ्याविषयी. मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. नेमणूक नेमकी आक्काच्या सासरी झाली, त्यामुळं खोली वगैरे न बघता मी थेट तिच्या घरी वळकटी सोडली. माझं इंग्रजी कसं होतं ते पुढं कळेलच. शाळेला सुट्टी लागली होती आणि माझ्याजवळ वेळ होता. माझ्याजवळ नुसता वेळ असणं कुणाच्याच फायद्याचं नसे, असं दाजी म्हणत.

दाजी, म्हणजे आक्काचे मालक, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन होते. गावामागचा तलाव बहात्तरच्या दुष्काळी कामावर बांधलेला. त्याच्या भरावावर आक्कानंही मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या, त्यामुळं ती त्याला ‘माझा तलाव’ म्हणायची. आता दुसऱ्या दुष्काळात तो आटत आटत मधल्या खोलगटात येऊन बसला होता.

“तलावात मरळ हाय का, दाजी?” मी विचारलं.

“हाय का?” दाजी उसळले. “माझ्या छातीवर बसलीय ती! सोसायटीनं रोहू-कटल्याचं बीज सोडलं. पाऊस न्हाय, पानी न्हाय, त्याची वाढच खुंटली. बोटाएवढी बोटुकली तशीच ऱ्हायली. आन् ही मरळ बसल्या जागी फुटाणे खाल्ल्यागत खायली त्याला.”

“मग जाळं टाका की.”

“जाळ्यात बोटुकली मरतीया आन् मरळ चिखलात शिरतीया. तुमी गळानं काढा, पावणं. निघतील तेवढ्या तुमच्या, वर माझा नमस्कार. पर एक जरी बोटुकली आमिषाला लावली, तर चेअरमन म्हणून मीटिंगमदी तुमचं नाव घेईन आन् दाजी म्हणून घरात घेईन.”

सौदा मला सोपा वाटला. गळ, बांबूची काठी आणि नायलॉनचा दोरा घेऊन मी तलावावर जाऊन बसलो. मरळ दिसायची. तिला मधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. पाण्यावर ‘बुळुक’ आवाज होतो, काळं डोकं क्षणभर दिसतं आणि वर्तुळं तेवढी उरतात. मी त्या वर्तुळात गांडूळ सोडायचो. मरळ ढुंकून बघायची नाही. बेडूक लावावा तर उन्हानं ते जमिनीत कुठं खोल जाऊन बसलेले. कणकेची गोळी लावली, तर तिला रोहूचं पिल्लू लागलं. ते सोडवून परत पाण्यात टाकताना वर बघतो तो भरावावर दाजी उभे. नुसता घसा खाकरला.

मरळ रोज जिवंत बोटुकली खात होती, तिला गांडुळाचं काय कौतुक! तिला बोटुकलीच पाहिजे होती आणि ती देण्याची मला बंदी. या पेचात मी आक्काचं औषध आणायला उमरग्याला गेलो.

तिथं हमरस्त्याच्या कडेला एक चाचा हैदराबादचा माल मांडून बसायचे. बॅटऱ्या, कंगवे, कुलपं, आणि काय आहे हे कुणालाच माहीत नाही अशा वस्तू. त्या ढिगात एका परातीत मला मासे दिसले. रबरासारखे, पण रबराहून मऊ. हातात घेतला तर ताज्या मेलेल्या माशासारखा लुळा पडायचा. शेपूट हलकी, पातळ. अंगावर चमकी. मला इतका नवलाचा वाटला की मी त्याचा वासही घेतला. रॉकेलसारखा आला.

“ये क्या है, चाचा?”

“मच्छी.”

“काहे की?”

“रबड की. दबा के देखो, नरम है.”

“मतलब, काय काम आती?”

“अब मैं क्या बोलूँ साब? माल के साथ आ गई. एक बोला, ट्रक के आगे बांधते. एक बोला, बच्चे के दांत निकलते, तब चबाने देते. आप मास्तर हैं, आपच बोलो.”

परातीत एक फाटका पुठ्ठा होता. त्यावर गळाचं चित्र, आणि खाली इंग्रजीत मऊ, लहान, वगैरे काहीबाही लिहून शेवटी ठळक अक्षरं, बी-ए-एस-एस. गळ बघताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही नकली बोटुकली! मी जाणकारासारखा मान हलवून म्हणालो, “हां, हां. बास!”

चाचांचा चेहरा पडला. “इत्ते में बस? अभी तो मैं दाम भी नै बोला!”

मग निवड सुरू झाली. परातीत बोटाएवढ्यापासून वितीएवढ्यापर्यंत मासे होते. पांढरे, लाल, पोपटी, एक तर चक्क जांभळा. काय बघून निवडायचं? मी लुगडी निवडतात तसे निवडले. उन्हात धरून रंग बघितला, ताणून टिकाऊपणा बघितला. मोठी मरळ पाहिजे तर मोठं आमिष पाहिजे, असा साधा हिशेब करून वितीएवढे तेवढे घेतले. लाल घेतला, कारण लाल लांबून दिसतो. जांभळा घेतला, कारण तो मला आवडला. चाचांनी खुशीनं एक बारकासा, पांढरट, निळसर पाठीचा मासा वरून टाकला. “ये छोटा ऐसाइच ले जाओ, कोई लेता नै.”

घरी आल्यावर शाळेतून शब्दकोश आणला. बास म्हणजे कोणता मासा, आणि तो आपल्याकडं कोणत्या नावानं ओळखला जातो, हे बघायचं होतं. शब्द सापडला. अर्थ दिला होता, ‘खर्ज, गायनातील सर्वांत खालचा स्वर’. पुढं ‘दोन’ असा आकडा होता, आणि आकड्यानंतर वाळवीनं पानाचा कोपरा खाल्लेला होता.

आता बघा, कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की दुसरा अर्थ वाळवीच्या पोटात गेला. मी नाही म्हणालो. मी विचार केला, मऊ, लहान, खर्ज. म्हणजे हा मासा पाण्यात बारीक, खालच्या पट्टीत आवाज करत असणार, आणि त्या आवाजाला मोठा मासा भुलत असणार. काय डोकं या लोकांचं! मी एकेक मासा कानाशी धरून हलवू लागलो. आवाज येईना, म्हणून बादलीत बुडवून बादलीला कान लावला.

“काय करायलास रं?” आक्का बाजेवरून म्हणाली.

“आवाज ऐकायलो.”

“कुनाचा?”

“माशाचा. रबरी आहे. याला बास म्हणतात.”

“मग बादलीला काय इचारतोस? मला इचार. म्या तर रोज म्हनती.”

ही आक्काची त्या महिन्यातली पहिली थट्टा. मला बरं वाटलं. पण संध्याकाळी दाजींनी भात पुढं केला, तेव्हा दोन घासांनंतर तोच शब्द आला, आणि या खेपेला तो थट्टेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशीपासून माझे प्रयोग सुरू झाले. पहिला मान लालचा. भिरकावला, तो पाण्यावर असा धप्पकन आपटला की जिथं मरळीचं वर्तुळ होतं तिथं नंतर अर्धी सकाळ वर्तुळच उठलं नाही. मग जांभळा. गळ कुठं खुपसायचा हे मला माहीत नव्हतं. मी शेपटीत खुपसला. त्यामुळं दोरा ओढला की मासा मागं मागं पोहत यायचा. दाजी धोतराचा सोगा सावरत भरावावरून खाली आले आणि बराच वेळ बघत राहिले.

“पावणं, ह्यो मासा कुनाला भ्यालाय?”

“का?”

“तोंड तिकडं करून घराकडं पळायलाय.”

गळ तोंडातून घातला, तर मासा पाण्यावर आडवा पडून तरंगू लागला. शिसं बांधलं, तर थेट तळाच्या चिखलात जाऊन बसला, आणि तो काढायला मला मांडीपर्यंत चिखलात जावं लागलं. माझी एक चप्पल तिथंच राहिली. ती आजही त्या तलावाच्या पोटात असेल. हे चप्पल प्रकरण लक्षात ठेवा.

चिखलात अडकून उभा होतो म्हणूनच एक गोष्ट घडली. हलता येईना, म्हणून मी पाण्यात बघत राहिलो. गाळ खाली बसला आणि माझ्या पायाभोवती बोटुकल्या जमल्या. इतक्या दिवसांत मी त्यांच्याकडं कधी बघितलंच नव्हतं, मी फक्त मरळीकडं बघत होतो. करंगळीएवढ्या. पाठ निळसर, पाण्याच्याच रंगाची, पोट पांढरं. सगळ्या मिळून वळायच्या आणि वळताना ती पोटं एकदम चमकायची. एखादीच मागं राहायची, दमलेली असावी. शेपूट हलवायची, थांबायची, जरा खाली जायची, परत हलवायची. मी बघत असतानाच चिखलातून एक काळी सावली सुटली आणि ती मागं राहिलेली तेवढी नाहीशी झाली. बाकीच्यांना हात लावला नाही.

म्हणजे मरळीला मोठा घास नको होता, लाल-जांभळा तर नकोच होता. तिला दमलेली, बारकी, निळ्या पाठीची बोटुकली पाहिजे होती. आणि तसा मासा माझ्याजवळ नेमका एक होता, चाचांनी फुकट टाकलेला.

तो लावला. अलगद सोडला. ओढला, थांबलो, बुडू दिला, परत ओढला. शेपूट अशी लवलवली की माझाच त्याला धरायचा विचार झाला. आणि पाणी फाटलं. काठी वाकली, मी आनंदानं ओरडलो आणि ओरडताना दोरा सैल सोडला. वर आला तो नुसता गळ. त्याला माशाचं मुंडकं तेवढं लटकत होतं. बाकीचा बास मरळीनं खाऊन टाकला होता.

उमरग्याला जावं, तर चाचा माल आणायला हैदराबादेस गेलेले. मग मी स्वतःच मासा करायला बसलो. सायकलच्या ट्यूबचा केला, तो काळा आणि निर्जीव, दगडासारखा तळाला जायचा. मेणबत्तीचा केला, तो तलावावर पोचेपर्यंत वाकून झोपला. खोडरबराचा केला, तो दिसायला देखणा, पण शेपूट हलायला तयार नाही. इकडं आक्काचं खाणं दोन घासांवरून एकावर आलं होतं. काकू आंबिलीची वाटी भरलेली परत न्यायच्या आणि जाताना माझ्याकडं, माझ्या हातातल्या खोडरबराकडं बघायच्या. त्या शाकाहारी बाईलाही मरळ कधी मिळते याची काळजी लागली होती, पण विचारायचं कसं म्हणून त्या म्हणायच्या, “मास्तर, तुमचं ते… जमलं का?”

एका दुपारी खोडरबर कापता कापता माझं लक्ष दाराबाहेरच्या खुंटीकडं गेलं. तिथं हवाई चपलेचा एक जोड टांगलेला होता. कित्येक दिवस कुणी घातला नव्हता, धूळ बसली होती. मी एक काढून आडवी धरली. वरून पांढरी, खालून निळी. दाबली, मऊ. वाकवली, परत सरळ. बोटुकलीचा रंग जसाच्या तसा, फक्त उलटी धरायची. देवानं बोटुकली आणि कारखान्यानं चप्पल एकाच मापावर केली असावी, असं मला वाटलं. कुणाची चप्पल, का टांगली, हा विचार मनात आला नाही. डोकं चालू लागलं की माझं असंच होतं, बाकी सगळं बंद पडतं.

ब्लेडनं टाचेच्या बरोबर मध्ये करंगळीएवढा मासा कोरून काढला. शेपूट ब्लेडनं तासून तासून पिंपळाच्या पानाएवढी पातळ केली. नाकात शिशाचा मुगाएवढा कण बसवला. बादलीत सोडला. तरंगला. ओढला, तर नाक खाली घालून बुडी मारली. सोडला, तर दमल्यासारखा हळूहळू वर आला. मी एकटाच बादलीपुढं टाळ्या वाजवल्या.

तलावावर गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दाजी आणि सोसायटीचे दोन-तीन जण भरावावर विड्या ओढत बसले होते. हवा घेणारी मरळ ‘बुळुक’ करून गेली. मी मासा तिच्या पुढं जरा लांब सोडला. ओढला. थांबलो. यावेळी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. परत ओढला. पाणी फाटलं, काठी वाकली, मी मागं सरकलो आणि घसरून बसलो तो पाण्यातच, पण काठी सोडली नाही. बसल्या बसल्याच मागं रेटत रेटत काठावर आलो. माझ्या आधी मरळ आली की मरळीच्या आधी मी, यावर दाजींनी नंतर कित्येक वर्षं लोकांचं मत घेतलं. काळी, जाडजूड, हातभर मरळ होती. दाजींनी तिला गोणपाटात दाबून धरलं.

“काय लावलं होतं हो, पावणं?”

“बास,” मी म्हणालो. चिखलात बसून माणूस याहून जास्त रुबाब काय करणार!

घरी आणली. आक्काला दाखवायला दाजींनी मरळ थेट बाजेपाशी नेली. “बघ, तुझ्या तलावातली.” आक्कानं मान वर केली. मरळीचं तोंड उघडं होतं आणि तोंडाच्या कोपऱ्यात माझा मासा अडकलेला होता. आक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन बोटांनी तो चाचपला.

“हे काय?”

“आमिष,” मी म्हणालो. “मीच केलंय.”

“कशाचं?”

मी उत्तर द्यायच्या आधी तिचे डोळे दाराबाहेरच्या खुंटीकडं गेले. खुंटीवर एकच चप्पल होती. दुसरी खाली, ब्लेडशेजारी पडली होती.

“माझी चप्पल!” आक्का ओरडली. “उठल्यावर घालायची म्हून ठेवली होती म्या! आन् ह्या मुडद्यानं…”

आणि ती उठली. दाजींचा खांदा नाही, भिंत नाही. पदर खोचला, बाजेवरून पाय खाली टाकले आणि भिंतीशी टेकवलेला झाडू उचलून माझ्यामागं लागली. मी अंगणात. ती उंबऱ्यापर्यंत आली, चौकट धरून उभी राहिली, धापा टाकत. “स्वतःची चिखलात घातली, आता माझी माशाला घातलीस व्हय रं?” दाजी मरळ हातात धरून नुसते बघत होते. माझ्याकडं नाही, तिच्या पायांकडं. मग तिच्याही लक्षात आलं की आपण दारात उभे आहोत. तिनं झाडू खाली टाकला आणि हसायला लागली. हसता हसता म्हणाली, “चपलीवर आलेली मरळ म्या खायची?”

“मग टाकून देऊ?” दाजींनी विचारलं.

“टाकून कशाला? मसाला कुठला वाटतावसा, त्ये आदी सांगा. तिखट जादा घालू नगा.”

रात्री कालवण झालं. आम्ही ताटावर बसलो, पण कुणी जेवेना. मी आणि दाजी आक्काच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं भाकरी कुस्करली, रस्सा ओतला. एक घास. दोन घास. दाजींचा पळा हवेत थांबला. आक्का चावत होती, काटा काढून ताटाच्या कडेला ठेवत होती. मग तिनं ताट दाजींपुढं सरकवलं.

“वाढा की. काय बघायलाव?”

दाजींनी वाढलं. परत वाढलं. तिसऱ्यांदा तिनं ताट सरकवलं तेव्हा त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि केविलवाण्या आवाजात म्हणाले, “बास की आता! चेअरमनला एक फोड तरी ठिवा.”

त्या घरात त्या दिवशी तो शब्द तेवढा एकदाच आला.

सकाळी मला उशिरा जाग आली. बाज रिकामी होती आणि खुंटीही. घाबरून दारात आलो. अंगणातल्या धुळीवर पावलं उमटली होती, सावकाश टाकलेली, जवळजवळ. एका पावलाच्या टाचेत मध्यभागी बारकासा मासा होता, शेपटीसकट. मी त्या माशामागून चालत गेलो. काकूंच्या दारावरून, वळणावरून, थेट हापशापर्यंत तो एक पाऊल सोडून एक पाऊल पोहत गेला होता.

हापशावर आक्का रांगेत तिसरी होती. कळशी लहान आणली होती. मला बघून ती शेजारणीला म्हणाली, “ह्योच त्यो मास्तर. ह्याच्यापुढं चपला ठेवू नगा.”